एकाच तबकडीवर ग्लेन गुल्ड आणि केसरबाई

मध्यमग्राम

पृथ्वीवरचं संगीत सोनेरी तबकडीवर घेऊन अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानाच्या धाग्यावर परवा गायिका केसरबाई केरकरांचा विषय निघाला आणि त्यांच्या 'जात कहाँ हो'ला सगळ्यांनी भरभरून +१ दिले. मीही दिला. पण त्याच सोनेरी तबकडीवर केसरबाईंचा एक शेजारी आहे, त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

शेजाऱ्याचं नाव ग्लेन गुल्ड, कॅनडाचा पियानोवादक. जर्मन संगीतकार बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर' ह्या पट्ट्यांच्या वाद्यासाठीच्या संग्रहाच्या दुसऱ्या भागातला पहिला प्रील्यूड (सुरुवातीचा तुकडा) आणि फ्यूग (एकच चाल एकेक आवाज मागोमाग उचलतो ती रचना) त्याने वाजवलाय, पावणेपाच मिनिटं. केसरबाईंची भैरवी साडेतीन मिनिटांची. १९७७ साली दोघं एका यानातून निघाले ते अजून चाललेच आहेत. मजा अशी की ह्या दोघांना एका खोलीत बसवलं असतं तर चहा येण्याआधी भांडण जुंपलं असतं. केसरबाईंनी मोजक्याच तबकड्या दिल्या, गाणं समोर बसून ऐकायचं ह्या मताच्या. आणि गुल्डने ऐन भरात असताना, वयाच्या एकतिसाव्या वर्षी मैफल कायमची सोडली आणि उरलेलं आयुष्य माइकसमोर काढलं.

जन्म टोरांटोचा, २५ सप्टेंबर १९३२. वडिलांचा फरच्या कपड्यांचा धंदा, आई पियानो आणि गाणं शिकवायची. पोराला अक्षरं वाचता येण्याआधी स्वरलिपी वाचता यायला लागली. दहाव्या वर्षापर्यंत तो आईकडेच शिकला. वाजवतोस ते तोंडाने म्हण, ही आईची शिस्त, आणि ती खोड त्याला जन्मभर पुरली. त्याच्या जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डमध्ये पियानोच्या मागे त्याचं गुणगुणणं ऐकू येतं. अभियंत्यांनी नाना उपाय केले, काही उपयोग झाला नाही.

आईनंतर अल्बेर्तो गेरेरो हे मूळचे चिलीचे गुरू. त्यांची एक तालीम सांगण्यासारखी आहे. एक हात पट्ट्यांवर अगदी ढिला टाकायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच्या एकेका बोटावर टपली मारून सूर काढायचा. ढिल्या हाताने स्वतःहून काही करायचं नाही. अशी अख्खी रचना घोटायची, आणि मग तेवढ्याच कमी कष्टात ती बोटांनी वाजवायची. खांद्याचं वजन नाही, दंडाचा जोर नाही, सगळं काम पेरांत. गुल्डचं ते दाणेदार, एकेक सूर निवडून ठेवल्यासारखं वाजवणं मला तरी इथूनच आलेलं वाटतं.

आता खुर्ची. लहानपणी सुट्टीतल्या घराजवळ होडीच्या उतारावरून पडून त्याची पाठ दुखावली होती. पुढे वडिलांनी एका घडीच्या खुर्चीचे पाय कापले आणि प्रत्येक पायाला पितळी स्क्रू बसवले, उंची कमीजास्त करायला. बैठक जमिनीपासून जेमतेम चौदा इंच. फोटोत पाहा, मनगटं पट्ट्यांच्या पातळीला आणि नाक पट्ट्यांना टेकायच्या बेतात. जिथे जाईल तिथे ही खुर्ची बरोबर. गादी फाटली, आतलं भरण बाहेर आलं, शेवटी नुसती लाकडी चौकट उरली, तरी तीच.

जानेवारी १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्याच दिवशी कोलंबिया कंपनीने करार पुढे केला. पहिल्या रेकॉर्डसाठी पठ्ठ्याने निवडलं काय, तर बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स! १७४१ सालची रचना, सुरुवातीला एक आरिया, म्हणजे गाण्यासारखी चाल, तिची तीस रूपं, शेवटी पुन्हा आरिया. पियानोवर फारसं कुणी वाजवत नसे. कंपनीवाल्यांनी दुसरं काही निवड म्हणून सुचवून पाहिलं, हा ढिम्म. जूनच्या उकाड्यात स्टुडिओत शिरला तो ओव्हरकोट, मफलर, हातमोजे घालून. सोबत टॉवेलांची चळत, बाटलीतलं पाणी, गोळ्यांच्या डब्या आणि ती खुर्ची. वाजवण्याआधी हात वीस मिनिटं गरम पाण्यात. कंपनीने हे सगळं वर्णन वर्तमानपत्रांना पुरवलं, आणि विक्षिप्तपणाची जी पाटी त्याच्या गळ्यात पडली ती पडलीच. पण १९५६च्या जानेवारीत रेकॉर्ड आली आणि लोक वेडे झाले.

पुढच्या वर्षी मॉस्को. महायुद्धानंतर सोव्हिएत देशात वाजवायला गेलेला तो पहिला उत्तर अमेरिकी पियानोवादक. नाव कुणाला माहीत नाही, सभागृह अर्धंमुर्धं. मध्यंतरात श्रोत्यांनी फोन गाठून ओळखीच्यांना बोलावलं आणि उत्तरार्धाला जागा उरली नाही. त्याच महिन्यात बर्लिनला वाद्यवृंदाचा नामवंत संचालक कारायान ह्याच्याबरोबर बेथोवेन. म्हणजे चोविसाव्या वर्षी ज्याच्यासाठी लोक आयुष्यभर घासतात ते सगळं हातात.

आणि त्याला ते नकोच होतं. विमानाची भीती, हॉटेलं, थंडी वाजणं, ऐन वेळी रद्द केलेले कार्यक्रम. श्रोत्यांबद्दलचं त्याचं मत तर ऐकवत नाही. मैफल म्हणजे रक्ताचा खेळ, वादक कधी आपटतो हे बघायला लोक जमतात, असं त्याला वाटे. टाळ्या बंद करा असा लेखसुद्धा त्याने १९६२ साली लिहिला, अर्धा गमतीत आणि अर्धा खरोखर. १० एप्रिल १९६४ला लॉस एंजेलिसच्या विल्शायर एबेल थिएटरात वाजवलं ते शेवटचं. निरोप नाही, घोषणा नाही. एकूण दोनशेसुद्धा कार्यक्रम भरले नव्हते.

बरोबर केलं का त्याने? मला वाटतं, त्याच्या दृष्टीने बरोबर. तुम्ही बोला.

पेटीवाला

लेख झकास, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही.

वीस वर्षं पेटीची साथ करतोय. समोर माणूस नसेल तर गाणारा काय गातो ते मी जवळून पाहिलंय. तेच आलाप, तीच चीज, पण दुसऱ्या रांगेतल्या एखाद्या म्हाताऱ्याने मान हलवली की पुढची जागा वेगळीच निघते. ती जागा ना गायकाला ठाऊक असते, ना त्या म्हाताऱ्याला. हा गुल्ड स्टुडिओत बसून एकच गत चौदा वेळा वाजवणार, त्यातल्या बऱ्या जागा कापून चिकटवणार, आणि आपण त्याला कलाकार म्हणायचं? शिंपी म्हणा.

मध्यमग्राम

पेटीवाले, शिंपी शब्द त्याला आवडला असता :) शिलाईचा एक नमुना त्यानेच लिहून ठेवलाय.

'वेल-टेम्पर्ड'च्या पहिल्या भागातला ए मायनर फ्यूग. आठ टेक झाले, त्यातले सहावा आणि आठवा निर्दोष. दोन्ही तेव्हा सगळ्यांना आवडले. काही आठवड्यांनी ऐकायला बसले तर दोन्ही एकसुरी. सहावा गंभीर, सूर एकमेकांना धरून, जरा भारदस्तच. आठवा सुटासुटा, खुशीतला, पण ती खुशीही शेवटपर्यंत तीच. मग लक्षात आलं की दोघांची लय जवळजवळ एक आहे. तेव्हा सुरुवात आणि शेवट सहाव्यातला, मधला भाग आठव्याचा, असा जोड दिला. त्याचं म्हणणं असं की वाजवताना मला हे सुचलं नव्हतं, ऐकताना सुचलं. म्हणजे तुमच्या दुसऱ्या रांगेतला म्हातारा इथे तो स्वतःच आहे, फक्त काही आठवडे उशिरा आलेला.

पेटीवाला

हुशार उत्तर आहे. पटलं असं मात्र नाही.

फोंडेकार

आमच्या केरीच्या केसरबाय आल्या म्हणून डोकावलो. फोंडा तालुक्यातली केरी हो, दुसऱ्याही आहेत.

धागाकर्त्याच्या लक्षात आलंय की नाही ठाऊक नाही. केसरबाईंनी जाहीर गाणं थांबवलं ते १९६३-६४च्या सुमारास. म्हणजे इकडे सत्तरीतल्या बाई आणि तिकडे तिशीतला हा मुलगा, जवळपास एकाच वेळी उठले. बाई उठल्या कारण वय झालं आणि गाणं आपल्या मापाला उतरलंच पाहिजे हा हट्ट. कमी प्रतीचं लोकांपुढे ठेवायचं नाही. गुल्डचाही हट्ट तोच नव्हे का? मला तर दोघं भांडले असते असं वाटत नाही. दोघांनाही आपला सूर दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा नव्हता. बाईंनी त्यासाठी यंत्र टाळलं, ह्याने श्रोते टाळले.

आणि एक. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ला, बाई गेल्या १६ सप्टेंबरला. अकरा दिवसांनी.

देव बरें करूं.

नर्मदातीरी

फोंडेकार +१. अंगावर काटा आला.

शंकासुर

बाळबोध प्रश्न विचारतो, हसू नका. व्हेरिएशन म्हणजे आपला आलाप-विस्तार समजायचा का? आणि त्या गोल्डबर्गचं काय, तो बाखचा मित्र होता का?

मध्यमग्राम

हसतंय कोण. गोल्डबर्ग हा तरुण क्लेव्हिअरवादक. कायझरलिंग नावाच्या उमरावाला झोप येत नसे, रात्री शेजारच्या खोलीत बसून गोल्डबर्गने काहीतरी वाजवावं म्हणून बाखने हे लिहिलं, अशी गोष्ट बाखच्या पहिल्या चरित्रकाराने सांगितलीय. खरी असेलच असं नाही. छापील प्रतीवर त्या उमरावाला अर्पणपत्रिका नाही आणि गोल्डबर्ग तेव्हा चौदा वर्षांचा होता.

विस्तार म्हणता येईल, पण एक फरक आहे. आपण सूर धरून वाढवतो, इथे वरची चाल सोडून दिली जाते आणि खालचा खर्ज, म्हणजे बेसची ओळ, तेवढी धरलेली असते. तिच्यावर तीस वेगवेगळी घरं. दर तिसरं व्हेरिएशन कॅनन, म्हणजे एक आवाज निघतो आणि दुसरा तीच चाल घेऊन मागून येतो. पहिल्या कॅननमध्ये दोघं एकाच सुरावरून, पुढच्यात दुसरा एक सूर वरून, असं चढत चढत नवव्यापर्यंत. तिसाव्याला दहावा कॅनन यायला हवा, तर बाख तिथे लोकगीतांची चिवडाभेळ करून ठेवतो.

ग्रेड_पाच

मी चाळिशीत पियानो शिकायला लागले, नुकतीच पाचवी ग्रेड दिली. गुणगुणण्याचं वाचून हसू आलं आणि रागही. परीक्षेत मी नकळत गुणगुणले तर परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, 'वाद्याशी संबंध नसलेले आवाज टाळावेत.' बाईंना दाखवलं तर म्हणाल्या, गुल्डला चालतं, तुला नाही.

कामाची गोष्ट म्हणजे त्याचा व्हॅक्यूम क्लीनरचा किस्सा. लहानपणी तो मोझार्टचा एक फ्यूग घोटत होता, तेवढ्यात घरातल्या कामवाल्या बाईंनी पियानोशेजारीच व्हॅक्यूम सुरू केला. मोठ्याने वाजवलेलं कसंबसं कानावर येई आणि हळू वाजवलेलं तर मुळीच नाही. बोटांना पट्टी कळतेय, डोक्यात सूर आहे, कानाला काही नाही. आणि त्याच्या मते तेच वाजवणं सगळ्यात सुंदर झालं. मी आमच्या मिक्सरवर करून बघितलं. चटणी झाली, मोझार्ट नाही. पण बोटांकडे लक्ष जातं हे मात्र खरं.

लाकूड_तार_हातोडी

पियानो दुरुस्तीच्या कामात आहे, मुंबईत. गुल्डबद्दल बोलताना पियानोबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून लिहितो.

त्याचा पियानो होता स्टाइनवे, नंबर सीडी ३१८. टोरांटोच्या ईटन्स ह्या मोठ्या दुकानात त्याला सापडला. १९६० नंतरचं त्याचं बहुतेक काम त्यावरच आहे. त्याला हवी होती हलकी पट्टी. बोट टेकताच सूर यावा आणि उचलताच बंद व्हावा, जवळजवळ हार्प्सिकॉर्ड ह्या पियानोआधीच्या वाद्यासारखी. ती करून देणारा माणूस व्हर्न एडक्विस्ट. जन्मापासून डोळे अधू, जवळपास अंधच, अंधशाळेत ट्यूनिंग शिकलेला. हातोडी तारेच्या किती जवळ ठेवायची ह्याला मर्यादा असते. जास्त जवळ आणली तर ती एकदा मारून परत आपटते. बाखच्या इन्व्हेन्शन्स ह्या छोट्या रचनांच्या रेकॉर्डमध्ये मधल्या सप्तकात तसा दुहेरी ठोका ऐकू येतो. गुल्डने तो दुरुस्त करून घेण्याऐवजी रेकॉर्डच्या पाकिटावर त्याबद्दल खुलासा लिहिला, त्याला 'उचकी' म्हणाला. माझं गिऱ्हाईक असं समजूतदार कधी निघणार!

१९७१ साली सीडी ३१८ वाहतुकीत पडला. आतली लोखंडी चौकटच तडकली. ह्या चौकटीवर तारांचा ताण वीस टनांच्या आसपास असतो, ती गेली की पियानो गेला म्हणून समजा. नवी चौकट बसवली, वर्षानुवर्षं खटपट केली, पण तो परत तसा झाला नाही. शेवटचं गोल्डबर्ग त्याने यामाहावर वाजवलं.

अवांतर: मुंबईच्या दमट हवेत घरचा पियानो असेल तर पावसाळ्यात आत छोटा बल्ब लावून ठेवा. आणि त्यावर फुलदाणी ठेवू नका. हात जोडतो.

टोरांटोकर

इथे फ्रंट स्ट्रीटवर सीबीसी ह्या कॅनडाच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या इमारतीबाहेर बाकावर गुल्डचा ब्राँझचा पुतळा बसलाय. कोट, टोपी, पायावर पाय. हिवाळ्यात त्याच्या मांडीवर बर्फ साचतं आणि कुणीतरी जाणारा येणारा ते झटकून जातो. मीही दोनदा झटकलंय. आईवडील भारतातून आले तेव्हा बाबा शेजारी बसून फोटो काढून झाल्यावर म्हणाले, "कोण हा?" आईने विचारलं, "ह्याला उकडत नव्हतं का?"

थडगं माउंट प्लेझंट स्मशानभूमीत. शोधायला वेळ लागतो, जमिनीत बसवलेला लहानसा दगड आहे, पियानोच्या आकाराचा, त्यावर गोल्डबर्गच्या आरियाची सुरुवात कोरलेली. स्वरलिपी वाचता येत नसेल तर नुसती नक्षी वाटते.

मैफल सोडल्यावर तो रेडिओकडे वळला हे मूळ लेखात राहिलं. १९६७ साली उत्तर कॅनडावर कार्यक्रम केला, त्यात माणसं एकाच वेळी बोलतात. एकाचं वाक्य मधेच दुसऱ्याच्या वर चढतं, तिसऱ्याचं खालून येतं. पहिल्यांदा ऐकून वाटलं रेडिओ बिघडला. तो बोलण्याचा फ्यूग होता. तो दिवसा झोपायचा, रात्रभर जागायचा आणि लोकांना फोन करायचा, तासन् तास. समोर मात्र यायचा नाही. खायला रात्री फ्रॅन्स नावाच्या जागी, अंड्याची भुर्जी.

एक_दाक्तर

हे सगळं वाचून निदान करायचा मोह होतो. स्पर्श सहन न होणं, ठरलेलं खाणं, तीच खुर्ची...

मध्यमग्राम

डॉक्टर, कृपया नको. मेलेल्या माणसाला तपासणाऱ्यांची तिकडे आधीच रांग आहे. स्पर्शाचं म्हणाल तर पियानो कंपनीच्या एका तंत्रज्ञाने पाठीवर थाप मारली म्हणून त्याने तीन लाख डॉलरचा दावा लावला होता, पुढे तडजोड झाली. त्याला खरंच दुखलं होतं की नुसता घाबरला होता, दोन्ही बाजूंचे लोक अजून भांडतात. गोळ्या खूप घ्यायचा, रक्तदाब रोज कितीदा तरी मोजून लिहून ठेवायचा, एवढं नक्की.

काटेकोर

एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण गोल्डबर्ग त्याने दोनदा रेकॉर्ड केलं आणि कुणीतरी १९५५ विरुद्ध १९८१ काढणारच. १९५५चं गोल्डबर्ग साडेअडतीस मिनिटं, १९८१चं एक्कावन्न. ह्यावरून 'म्हातारपणी संथ झाला' असं सर्रास लिहितात. एक तर तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. दुसरं, १९५५ला त्याने पुनरावृत्ती गाळल्या, १९८१ला काही ठिकाणी घेतल्या, तो वेळ त्यात धरलेला आहे. पण आरियाची तुलना खरी. आधी एक मिनिट त्रेपन्न सेकंद, नंतर तीन मिनिटं पाच सेकंद. पहिल्यात तो आरिया वाजवून पुढे जातो. दुसऱ्यात ती वाजवताना पुढे काही आहे असं वाटतच नाही.

१९६२चा ब्राम्सचा काँचेर्टोही (एकटा वादक आणि वाद्यवृंद मिळून वाजवतात ती रचना) राहिला. कार्नेगी हॉलमध्ये संचालक बर्नस्टाइनने वाद्यवृंद सुरू करण्याआधी श्रोत्यांना सांगितलं की आता गुल्डची जी लय ऐकाल ती मला मान्य नाही. आणि मग सगळं त्याच लयीत वाजवूही दिलं. आपल्याकडे तबलजीने माइकवरून असं सांगितलं तर?

पेटीवाला

तबलजी माइकवरून सांगत नाहीत. ते लय वाढवून सांगतात.

नर्मदातीरी

गेला कसा तो?

मध्यमग्राम

पन्नासावा वाढदिवस झाला आणि दोनच दिवसांनी पक्षाघात. ४ ऑक्टोबर १९८२ला गेला. नवं गोल्डबर्ग नुकतंच दुकानात आलं होतं. लग्न केलं नव्हतं. मालमत्तेचा अर्धा वाटा साल्व्हेशन आर्मी ह्या धर्मादाय संस्थेला, अर्धा टोरांटोच्या प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेला. लहानपणापासून कुत्री फार लाडकी. मोझार्ट मात्र नाही, तो लवकर नव्हे तर उशिरा मेला असं म्हणायचा. त्यावर धागा काढला तर इथे दंगल होईल.

शंकासुर

सुरुवात कुठून करू? पंचावन्न की एक्क्याऐंशी?

ग्रेड_पाच

एक्क्याऐंशी. हेडफोन लावून, रात्री.

पेटीवाला

काल रात्री ऐकलं. ग्रेडबाईंनी सांगितलं तसंच, हेडफोन लावून, घरात सगळे झोपल्यावर.

भांडण सोडलेलं नाही हे आधी सांगतो. पण पहिली आरिया सुरू झाली आणि मागून त्याचा 'हूं' आला तेव्हा मी थांबलो. आमचे गुरुजी असेच. पेटीवर हात, डोळे मिटलेले, ओठ बंद, आणि नाकातून सूर पुढे चाललेला. हाताच्या अर्धी मात्रा आधी. पोरं हसायची. मी हेडफोन लावून चौकटीच्या खुर्चीचं कुरकुरणं येतंय का तेही शोधलं, एका ठिकाणी आलंसं वाटलं.

पंचविसावं व्हेरिएशन ऐकून घ्या, जे कोणी अजून ऐकलं नसेल त्यांनी. सहा-साडेसहा मिनिटं, आणि मींड नसलेल्या वाद्यावर त्या माणसाने काय केलंय. दोन सुरांमध्ये जे नाही तेच ऐकू येतं.

शेवटची आरिया संपली, शेवटचा सूर विरायला लागला आणि माझ्या तोंडून मोठ्याने 'वाऽ' निघून गेलं. बायको दचकून उठली, काय झालं म्हणाली. म्हटलं काही नाही, झोप.